शोध घेण्याचे कर्तव्य : थॉमस बर्गेनथाल यांच्याविषयी

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा युरोपात पडलेली घरे उभारण्याच्या बरोबरीनेच हरवलेली माणसे शोधण्याचे काम सुरू झाले होते. रेड क्रॉसची कार्यालये, ज्यू संघटना, निर्वासितांच्या छावण्या अशा सगळ्या ठिकाणी याद्या तयार होत होत्या: कोण कुठे सापडले, कोण कोणाला शोधत आहे, शेवटचे कोणी कुठे पाहिले होते. पोलंडमध्ये वॉर्साजवळ ओटवॉत्स्क येथे ज्यू मुलांचे एक अनाथालय होते आणि तेथून पॅलेस्टाइनला पाठवायच्या मुलांच्या यादीत बारा वर्षांच्या थॉमस बर्गेनथालचे नाव नोंदलेले होते. त्याच सुमारास जर्मनीतील गॉटिंगेन या आपल्या माहेरच्या गावी परतलेली त्याची आई गेर्डा, मुलगा जिवंत नसणार असे भोवतालची माणसे समजावत असतानाही, जिकडे शक्य होईल तिकडे त्याच्या नावाची चौकशी करत होती. ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये वसवण्याचे काम करणाऱ्या ज्यू एजन्सीच्या दप्तरात या दोन नोंदी कोणाच्या तरी नजरेस एकत्र पडल्या आणि नाव जुळले. डिसेंबर 1946 मध्ये, ताटातूट झाल्यापासून दोन वर्षांहून अधिक काळाने, मायलेकांची गॉटिंगेनमध्ये भेट झाली.

हाच मुलगा पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा न्यायाधीश झाला. आपल्याकडे अनेकांना या न्यायालयाची नीट ओळख झाली ती कुलभूषण जाधव खटल्यामुळे, आणि मीही त्याला अपवाद नाही. 17 जुलै 2019 चा तो निकाल वाचताना अमेरिकेविरुद्धच्या दोन जुन्या खटल्यांचा उल्लेख वारंवार येतो. त्या खटल्यांच्या न्यायपीठावर कोण होते हे पाहता पाहता मी बर्गेनथाल यांच्या आत्मकथनापर्यंत पोहोचलो. छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या कहाण्या मराठीतही बऱ्याच वाचल्या जातात. पण त्यांत सुटकेचा दिवस आला की पुस्तक बहुधा मिटते. सुटकेनंतरची वर्षे, परदेशी जाणे आणि तेथे जाऊन काय केले हा भाग दोन-तीन पानांत आटोपतो. बर्गेनथाल यांच्या बाबतीत तो भाग आधीच्या भागापासून वेगळा काढताच येत नाही, असे मला वाटते, आणि म्हणून हे लिहीत आहे.

थॉमस यांचा जन्म 11 मे 1934 रोजी चेकोस्लोव्हाकियातील लुबोख्न्या या लहानशा गावी झाला. वडील पोलिश ज्यू होते. नाझी सत्तेवर आल्यावर त्यांनी जर्मनी सोडली आणि या डोंगराळ भागात एक हॉटेल चालवायला घेतले. गॉटिंगेनच्या एका ज्यू कुटुंबातली गेर्डा तेथे आली आणि दोघांनी लग्न केले. मुलगा पाच वर्षांचा होण्याआधीच स्लोव्हाकियातल्या फॅसिस्टांनी हॉटेल बळकावले आणि कुटुंब पोलंडमध्ये कातोवित्सेला गेले. तेथून इंग्लंडला जाण्याची परवानगी त्यांना मिळालीही होती. पण नेमके निघण्याच्या वेळी, 1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि ती वाट बंद झाली. ब्रिटिश कागद हाती असलेले हे कुटुंब मग इतर निर्वासितांबरोबर केल्त्से शहरात अडकले, आणि यथावकाश तेथील ज्यूंसाठी आखलेल्या बंदिस्त वस्तीत कोंबले गेले. बर्गेनथाल यांचे स्थलांतर, एका अर्थाने, ठरल्यापेक्षा बारा वर्षे उशिरा झाले.

ऑगस्ट 1942 मध्ये केल्त्सेची ही वस्ती रिकामी करण्यात आली आणि सुमारे वीस हजार माणसांना ट्रेब्लिंका या मृत्युछावणीत नेऊन मारण्यात आले. वडिलांकडे कारखान्यातले काम होते म्हणून हे तिघे मागे ठेवल्या गेलेल्या थोड्या लोकांत राहिले. पुढच्या वर्षी मागे राहिलेल्यांतली मुले वेगळी काढण्याचा हुकूम आला. नऊ वर्षांच्या थॉमसचा हात आईवडिलांच्या हातातून सोडवला जात असताना तो त्या जर्मन अधिकाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला आणि जर्मनमध्ये म्हणाला, ‘कॅप्टनसाहेब, मी काम करू शकतो.’ अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहिले, ‘ते लवकरच कळेल’ अशा अर्थाचे काहीतरी म्हटले आणि त्याला आईवडिलांकडे परत जाऊ दिले. बाकीच्या मुलांना ठार करण्यात आले. त्यांत दोन लहान मुले अशी होती, ज्यांचे स्वतःचे आईवडील आधीच नेले गेले होते आणि ज्यांना बर्गेनथाल कुटुंबाने आपली म्हणून सांभाळले होते. थॉमसची भाषा त्या अधिकाऱ्याचीच होती, कारण ती त्याच्या आईची भाषा होती. हा योगायोग त्याच्या बाजूने उभा राहिला आणि त्या दोन मुलांच्या बाजूने राहिला नाही. कातोवित्सेला असताना एका भविष्य सांगणाऱ्या बाईने गेर्डाला, तुझा मुलगा नशिबाचा बलवत्तर आहे, असे सांगितले होते. बर्गेनथाल स्वतःही आपल्या वाचण्याचे श्रेय दैवालाच देत. ते नाकारण्याचा मला काय अधिकार? तरीही त्यांचे आत्मकथन वाचताना दैवाच्या प्रत्येक प्रसंगाशेजारी एखादे माणूस उभे दिसते, हे नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

ऑगस्ट 1944 मध्ये त्यांना ऑशविट्झ-बिर्केनाऊला नेले गेले. गाडीतून उतरल्याबरोबर कामाला लायक आणि नालायक अशी जी निवड तेथे होत असे, आणि जिच्यात दहा वर्षांचे मूल हटकून गॅसकोठडीकडे जात असे, ती त्या दिवशी झाली नाही. गाडी कामगार छावणीतून आली होती, तेव्हा तिच्यात मुले नसणार, असे अधिकाऱ्यांनी गृहीत धरले असावे. थॉमसच्या हातावर बी-2930 हा क्रमांक गोंदला गेला आणि वडिलांच्या हातावर बी-2931. आई स्त्रियांच्या छावणीत गेली. वडिलांनी तेथल्या रोजच्या क्रमाचे बारकाईने निरीक्षण केले आणि मुलाला एक गोष्ट शिकवली: सकाळच्या हजेरीला रांगेत मागच्या बाजूला, बराकीच्या दारापाशी उभे राहायचे, मोजणी आधी होते आणि माणसे वेगळी काढणे नंतर, तेव्हा आकडा जुळला की मधल्या वेळात हळूच आत सटकायचे. जगण्याच्या युक्तीचे असे धडे देणारे वडील फार दिवस जवळ राहिले नाहीत. त्याच शरद ऋतूत बापलेकांची ताटातूट झाली आणि युद्ध संपण्याच्या काही महिने आधी वडील बुखेनवाल्डच्या छावणीत मरण पावले. मुलाला हे बऱ्याच नंतर कळले.

जानेवारी 1945 मध्ये रशियन सैन्य जवळ येताच कैद्यांना बर्फातून पायी पश्चिमेकडे हाकण्यात आले. थॉमस आपल्याहून फार मोठी नसलेल्या दोन मुलांबरोबर तीन दिवस चालला. मागे पडणाऱ्याला गोळी घातली जात होती. त्यानंतर ग्लिवित्सेहून उघड्या मालडब्यांतून जर्मनीकडे दहा-बारा दिवसांचा प्रवास झाला. डब्यात अन्न नव्हते, बर्फ खाऊन दिवस काढायचे, आणि जसजशी माणसे मरत तसतशी बसायला जागा होत असे. गाडी चेक प्रदेशातून जात असताना एक विलक्षण प्रकार घडला. रुळांवरच्या पुलांवर माणसे उभी होती आणि गाडी खालून जाताना ती डब्यांत पाव टाकत होती. पहारेकरी धमकावत होते, तरी पुढच्या पुलावर पुन्हा माणसे असत. त्या पावाशिवाय आपण वाचलो नसतो, असे बर्गेनथाल सांगत. पोलंडमध्ये आणि जर्मनीत गाडी किती तरी पुलांखालून गेली होती. पाव पडला तो फक्त चेक पुलांवरून, याची त्यांनी कायम आठवण ठेवली.

साक्सेनहाउझेनच्या छावणीत पोहोचेपर्यंत त्याच्या पायाची बोटे हिमदंशाने काळी पडली होती आणि छावणीच्या दवाखान्यात त्यांतली दोन कापावी लागली. येथे ऑड नॅन्सन त्याच्या आयुष्यात आले. ते नॉर्वेचे वास्तुविशारद आणि राजकीय कैदी. पहिल्या महायुद्धानंतर देश नसलेल्या लाखो निर्वासितांना ज्यांच्या नावाच्या पारपत्रावर सीमा ओलांडता आल्या, त्या नोबेल विजेत्या फ्रिट्योफ नॅन्सन यांचे हे चिरंजीव. स्वतः ऑड यांनीही 1936 पासून निर्वासितांना, विशेषतः ज्यूंना, मदत करणारी संस्था चालवली होती. नॉर्वेच्या कैद्यांना रेड क्रॉसची पार्सले मिळत, त्यांतला खाऊ ते दवाखान्यातल्या या मुलासाठी आणत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बरे होण्याची आशा नसलेल्या रोग्यांची नावे एसएस (छावण्या चालवणारे नाझी दल) मागत असे तेव्हा या मुलाचे नाव त्यात जाऊ नये म्हणून बराकीच्या कर्मचाऱ्याला ते तंबाखू चारत असत. छावणीत ते लपूनछपून रोजनिशी लिहीत, आणि तीत या मुलाविषयी लिहिलेले आहे. मार्चमध्ये स्कॅन्डिनेव्हियन कैद्यांना स्वीडिश रेड क्रॉसने बाहेर काढले तेव्हा त्यांना मुलाला मागे ठेवून जावे लागले. 22 एप्रिल 1945 रोजी सोव्हिएत आणि पोलिश फौजा छावणीत शिरल्या, तेव्हा मुलगा जिवंत होता, हे नॅन्सन यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्यानंतरचा तुकडा एखाद्या साहसकथेतला वाटतो. पोलिश सैन्याच्या एका तुकडीने दहा वर्षांच्या थॉमसला आपल्याबरोबर घेतले, त्याच्या मापाचा गणवेश शिवून दिला, एक तट्टूही दिले, आणि तो सैनिकांबरोबर बर्लिनपर्यंत गेला. पुढे त्यांतल्याच एका सैनिकाने त्याला ओटवॉत्स्कच्या अनाथालयात पोहोचवले. तेथे तो चारचौघांसारखा मुलगा व्हायला शिकला आणि लिहा-वाचायलाही. पोलंड मात्र अजून ज्यूंसाठी सुरक्षित झाले नव्हते. 4 जुलै 1946 रोजी, महायुद्ध संपून वर्ष उलटल्यावर, त्याच केल्त्से शहरात जमावाने नाझी संहारातून वाचलेल्या 42 ज्यूंना ठार मारले. आईचा पत्ता लागल्यावर त्याला गुपचूप सीमा ओलांडून आधी चेकोस्लोव्हाकियात आणि मग जर्मनीत नेण्यात आले, ते याच पार्श्वभूमीवर.

आता विचार करा, आई सापडली ती जर्मनीत. मारेकऱ्यांच्या देशात, मारेकऱ्यांच्या भाषेत शिकायचे. बारा वर्षांच्या मुलाने शाळा अशी पाहिलेलीच नाही, म्हणून आधी घरी शिकवणी लावून मग शाळेत घालायचे. रविवारी दुपारी गॉटिंगेनमधली कुटुंबे आजीआजोबांसह, मुलाबाळांसह फिरायला बाहेर पडत आणि तो सज्जातून त्यांच्याकडे पाहत असे. या सर्वांवर येथूनच मशीनगन चालवावी असे त्याला वाटत असे. आपल्याच वयाच्या मुलांना आजोबा आहेत आणि आपल्याला नाहीत, ही बाब त्याला सोसत नव्हती. हा राग कधी आणि कसा ओसरला याची तारीख बर्गेनथाल देत नाहीत, कारण तशी तारीख नसते; शेजारपाजार, शाळेतली मुले, एखादा चांगला शिक्षक यांच्या सहवासात, सगळ्यांना एकाच मापाने मोजणे हळूहळू अवघड होत गेले, एवढेच त्यांच्या लिहिण्यातून दिसते. क्षमेचे मोठे शब्द ते वापरत नाहीत, आणि त्यामुळेच त्यांच्यावर विश्वास बसतो.

नॅन्सन यांची रोजनिशी महायुद्धानंतर लवकरच नॉर्वेत प्रसिद्ध झाली. तीत वर्णिलेला मुलगा जिवंत असून गॉटिंगेनमध्ये आहे हे कळल्यावर पत्रव्यवहार सुरू झाला आणि दोघे भेटले. या बाबतीत एक तपशील मला विशेष वाटतो. रोजनिशीच्या जर्मन आवृत्तीचे उत्पन्न जर्मन निर्वासितांना द्यावे, असे नॅन्सन यांनी ठरवले होते. साक्सेनहाउझेनमध्ये कैद भोगलेल्या माणसाने आपले पैसे जर्मनांना द्यावेत याचा वाढत्या वयाच्या मुलावर काय परिणाम झाला असेल, हे निराळे सांगायला नको.

डिसेंबर 1951 मध्ये सतरा वर्षांचे थॉमस ‘जनरल ग्रीली’ या वाहतूक जहाजाने न्यूयॉर्कला उतरले. आई बरोबर नव्हती. ती युरोपातच राहिली, आणि इतके शोधून मिळालेल्या मुलाला तिने एकटे समुद्रापार जाऊ दिले. न्यू जर्सीतील पॅटर्सन गावी मामाच्या घरी राहून त्यांनी शाळा पूर्ण केली, वेस्ट व्हर्जिनियातील बेथनी कॉलेजातून 1957 मध्ये पदवी घेतली, न्यूयॉर्क विद्यापीठात कायदा शिकले आणि पुढे हार्वर्डहून डॉक्टरेट मिळवली. त्यानंतरची बरीच वर्षे अध्यापनात गेली. मानवाधिकारांचा आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय तेव्हा अमेरिकेतील विधी महाविद्यालयांत जवळजवळ शिकवला जात नव्हता. तो उभा करणाऱ्यांत त्यांची गणना होते.

1979 मध्ये कोस्टारिकात सान होसे येथे आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालय सुरू झाले आणि बर्गेनथाल त्याच्या पहिल्या न्यायाधीशांत होते. गंमत अशी की त्यांचे नाव सुचवले ते कोस्टारिकाने. ज्या करारावर हे न्यायालय उभे आहे त्यावर अमेरिकेने 1977 मध्ये सही केली, पण आजपर्यंत त्याला मान्यता दिलेली नाही. छावणीतून वाचून अमेरिकी नागरिक झालेला माणूस अशा रीतीने दुसऱ्याच देशाच्या वतीने न्यायाधीश झाला.

या न्यायालयाचा सर्वांत प्रसिद्ध खटला होंडुरासविरुद्धचा आहे. मानफ्रेडो व्हेलास्केस या विद्यार्थ्याला सप्टेंबर 1981 मध्ये राजधानी तेगुसिगाल्पा येथे भर दिवसा उचलून नेण्यात आले आणि त्यानंतर तो कोणालाच दिसला नाही. त्या दशकात लॅटिन अमेरिकेतली अनेक सरकारे माणसांना अशी गायब करत होती. यामागचा हिशेब सोपा होता: प्रेत नाही, अटकेची नोंद नाही, साक्षीदार बोलत नाही, तेव्हा खटला चालणार कशाचा? खटला सुरू असतानाच, जानेवारी 1988 मध्ये, त्याच्याशी संबंधित दोन साक्षीदारांचे खून झाले. 29 जुलै 1988 रोजी न्यायालयाने निकाल दिला तो हा हिशेब मोडणारा होता. माणसे गायब करण्याची पद्धत सरकारी यंत्रणेत रुळलेली होती आणि हे प्रकरण त्या पद्धतीत बसते, एवढे सिद्ध झाले तर प्रेत सापडले नाही म्हणून सरकार सुटत नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्यापुढे जाऊन असेही म्हटले की बेपत्ता माणसाचे काय झाले हे अनिश्चित आहे तोवर तपास करण्याचे राज्याचे कर्तव्य संपत नाही, आणि तो कुठे आहे, मेला असेल तर अवशेष कुठे आहेत, हे कळण्याचा त्याच्या नातलगांना हक्क आहे. न्यायपीठ सात जणांचे होते आणि निकाल एकट्या बर्गेनथाल यांचा नव्हता. पण आपला बाप कुठल्या छावणीत गेला हे कितीतरी दिवस ठाऊक नसलेला, आणि आपल्या आईच्या शोधामुळेच सापडलेला माणूस त्या पीठावर बसलेला होता, हे विसरून तो निकाल मला वाचता येत नाही.

1992 मध्ये एल साल्व्हाडोरचे यादवी युद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या सत्यशोधन आयोगाच्या तीन सदस्यांत बर्गेनथाल होते. आयोगापुढे बावीस हजारांहून अधिक तक्रारी आल्या. त्यांत एल मोसोते या खेड्याची होती. डिसेंबर 1981 मध्ये अमेरिकेने प्रशिक्षण दिलेल्या बटालियनने तेथील लोकांची कत्तल केली आणि एल साल्व्हाडोर आणि अमेरिका ही दोन्ही सरकारे ती झालीच नाही असे म्हणत राहिली. खोदकामात एका जागी 143 जणांचे अवशेष मिळाले. त्यांतली 131 मुले बारा वर्षांखालची होती. 15 मार्च 1993 रोजी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यात सेनाधिकाऱ्यांची नावे होती. पाचच दिवसांनी एल साल्व्हाडोरच्या संसदेने सर्वांना माफी देणारा कायदा मंजूर केला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला 2016 मध्ये, तेवीस वर्षांनी.

मार्च 2000 मध्ये बर्गेनथाल हेगला गेले आणि 2010 पर्यंत तेथे राहिले. परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क असतो, आणि तो नाकारून दिलेल्या शिक्षेचा परिणामकारक फेरविचार झाला पाहिजे, हे तत्त्व 2001 मध्ये जर्मनीने आणि 2004 मध्ये मेक्सिकोने अमेरिकेविरुद्ध नेलेल्या खटल्यांत प्रस्थापित झाले. दोन्ही वेळी अमेरिकेने हा हक्क देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा भंग केला असे मानणाऱ्या बहुमतात हा अमेरिकी न्यायाधीश होता. पहिला खटला तर जर्मनीने आणलेला होता, अ‍ॅरिझोनात मृत्युदंड दिलेल्या दोन जर्मन भावांसाठी. ‘परिणामकारक फेरविचार’ हीच शब्दयोजना पुढे जाधव यांच्या निकालात उतरली.

त्यांच्यावर टीका झाली ती मुख्यतः 2004 च्या सल्लागार मतावरून. पॅलेस्टिनी भूमीवर इस्रायलने बांधलेली भिंत बेकायदा आहे असे न्यायालयाने चौदा विरुद्ध एक मतांनी म्हटले आणि ते एक मत बर्गेनथाल यांचे होते. छावणीतून वाचलेला ज्यू दुसरे काय करणार, असे तेव्हा बोलले गेले आणि अजूनही बोलले जाते. असे म्हणणाऱ्यांनी त्यांचे स्वतंत्र निवेदन वाचलेले नसते. इस्रायलच्या सुरक्षेबाबतची पुरेशी माहिती समोर नसताना न्यायालयाने सरसकट मत देऊ नये, ही त्यांची भूमिका होती. त्याच निवेदनात त्यांनी पश्चिम किनाऱ्यावरील इस्रायली वसाहती जिनिव्हा कराराचा भंग करतात, आणि त्यांच्या रक्षणासाठी बांधलेला भिंतीचा भाग त्याच कारणाने बेकायदा ठरतो, असेही स्पष्ट लिहिले आहे. त्यांचा मूळ आक्षेप पटो वा न पटो (मला तो पूर्ण पटत नाही), पण पुराव्याचा आग्रह धरणारा हा माणूस आपल्याच बाजूला गैरसोयीचे वाक्य लिहायला कचरलेला नाही.

आपल्या बालपणाविषयी त्यांनी सविस्तर लिहिले ते सत्तरी ओलांडल्यावर, आणि ते पुस्तक सर्वांत आधी, 2007 मध्ये, प्रसिद्ध झाले जर्मन भाषेत. पुढच्या वर्षी गॉटिंगेन शहराने आपल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारतीला त्यांचे नाव दिले. 29 मे 2023 रोजी मायामी येथे, वयाच्या 89 व्या वर्षी, थॉमस बर्गेनथाल यांचे निधन झाले. एल मोसोतेचा खटला तेव्हाही एल साल्व्हाडोरच्या न्यायालयात प्रलंबित होता.